जॉर्ज लोहमनची 10.75 ही सरासरी किती खरी?

प्रश्न असा आहे: इंग्लंडच्या सरे काउंटीचा गोलंदाज जॉर्ज लोहमन याची कसोटी सरासरी (एका बळीमागे दिलेल्या धावा; जितक्या कमी तितके चांगले) 10.75 आहे आणि शंभर किंवा त्याहून अधिक बळी घेणाऱ्यांमध्ये आजवर कोणीही त्याच्या जवळपास पोहोचलेला नाही. मग त्याला सर्वश्रेष्ठ गोलंदाज मानावे, की दुबळे प्रतिस्पर्धी आणि वाईट खेळपट्ट्या यांनी हा आकडा घडवला? शिवाय इतका यशस्वी गोलंदाज वयाच्या एकतिसाव्या वर्षी कसोटी क्रिकेटमधून नाहीसा कसा झाला, हेही विचारले आहे.

गुणलेखन आणि जुन्या धावफलकांचा अभ्यास हेच माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि लोहमनच्या कारकिर्दीकडे मी पुन्हा पुन्हा वळत आलो आहे. माझे उत्तर आधीच सांगतो. 10.75 हा आकडा बरोबर आहे, पण तो दोन अगदी निराळ्या कारकिर्दींची बेरीज आहे. त्या वेगळ्या करून पाहिल्या तरी एकोणिसाव्या शतकातील गोलंदाजांमध्ये लोहमनच पहिला ठरतो. मात्र त्याचे खरे मोजमाप कसोटीतील 112 बळींवरून होत नाही. त्याने प्रथम श्रेणीत, म्हणजे कसोटी आणि काउंटीसारखे वरच्या दर्जाचे सामने धरून, 293 सामन्यांत 1,841 बळी घेतले, तेही 13.73 च्या सरासरीने. कसोटीतील बळी म्हणजे त्यांतले शंभरात जेमतेम सहा. उरलेले बहुतेक काउंटी क्रिकेटच्या रोजच्या कष्टातून आलेले आहेत, आणि त्याचा मोठेपणाही तिथे आहे, त्याचा ऱ्हासही तिथूनच सुरू होतो.

प्रथम सरासरीची फोड करू. लोहमन 18 कसोटी खेळला. त्यांपैकी 15 ऑस्ट्रेलियाविरुद्ध होत्या आणि त्यांत त्याने 13.01 च्या सरासरीने 77 बळी घेतले. उरलेल्या तीन 1896 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत झाल्या आणि तिथे त्याला 5.80 च्या सरासरीने 35 बळी मिळाले. पोर्ट एलिझाबेथला पहिल्या डावात 38 धावांत 7, दुसऱ्या डावात 7 धावांत 8, आणि शेवटी सामना संपवणारी हॅट्ट्रिक. दक्षिण आफ्रिकेचा तो डाव 30 धावांत आटोपला. पुढच्या जोहान्सबर्ग कसोटीत त्याने 28 धावांत 9 बळी घेतले. कसोटीच्या एका डावात नऊ बळी घेणारा तो पहिला, आणि 1956 मध्ये जिम लेकरने मँचेस्टरला 53 धावांत 10 बळी घेईपर्यंत ती कामगिरी सर्वोत्तम म्हणून टिकली. सर्वांत कमी सामन्यांत, म्हणजे सोळाव्या कसोटीत, शंभर बळी पूर्ण करण्याचा त्याचा विक्रमही याच दौऱ्यावरचा आहे.

या तीन सामन्यांना किती वजन द्यायचे, याबाबत मी कठोर आहे. त्या वेळी दक्षिण आफ्रिकेतील संघ अननुभवी होता आणि या सामन्यांना 'कसोटी' हा दर्जा पुढे, मागाहून लावला गेला. खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण कसोटी खेळत आहोत असे वाटण्याचे कारणच नव्हते. तिथे मॅटिंगवर, म्हणजे गवताऐवजी अंथरलेल्या चटईवर, खेळ होत असे. मुंबई-पुण्याच्या मैदानांवर मॅटवर खेळलेल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको की, चेंडू फिरवणाऱ्या अचूक मध्यमगती गोलंदाजाला मॅटवर किती मदत मिळते. हाच न्याय जॉनी ब्रिग्जलाही लावला पाहिजे. लँकेशायरच्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने 1889 मध्ये केप टाऊनला एका कसोटीत 28 धावांत 15 बळी घेतले होते. त्याची एकूण सरासरी 17.75 दिसते, पण ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या 97 बळींची सरासरी 20.55 आहे.

म्हणून तुलना करायची ती केवळ इंग्लंड-ऑस्ट्रेलिया सामन्यांतील समकालीनांशी. ऑस्ट्रेलियाचा चार्ली टर्नर याने 17 कसोटींत 16.53 च्या सरासरीने 101 बळी घेतले. त्याचा जोडीदार जे. जे. फेरिस याचे ऑस्ट्रेलियाकडून 48 बळी 14.25 च्या सरासरीने आहेत. यॉर्कशायरच्या बॉबी पीलची सरासरी 16.98, तर फ्रेडरिक स्पॉफर्थची 18.41. हे सगळे त्याच खेळपट्ट्यांवर, त्याच पावसात, बहुतांशी त्याच वर्षांत खेळले. त्यांच्यात लोहमनचे 13.01 सर्वांत कमी आहे आणि फेरिस वगळता बाकीच्यांपासूनचे अंतर तीन धावांहून अधिक आहे. एखाद्या काळातील गोलंदाजाला त्याच काळाच्या मापाने मोजायचे असेल, तर याहून स्वच्छ कसोटी मला माहीत नाही. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या, सामन्यातील धावसंख्येचा स्तर लक्षात घेऊन मागाहून काढलेल्या मानांकनांतही लोहमनचे सर्वोच्च गुण 931 आहेत. त्याच्या पुढे फक्त इंग्लंडचाच, पुढच्या पिढीतला सिडनी बार्न्स, 932 वर.

आता खेळपट्ट्यांचा मुद्दा. त्या काळी खेळपट्टी झाकली जात नसे. पावसाने भिजलेली खेळपट्टी उन्हात वाळू लागली की चेंडू वाकडातिकडा उसळे, हातभर वळे, आणि चांगल्या चांगल्या फलंदाजांचे काही चालत नसे. 1888 चा इंग्लंडमधला उन्हाळा तर अतिशय ओला होता. त्या वर्षी लॉर्ड्स कसोटीच्या दुसऱ्या दिवशी एकाच दिवसात 27 गडी बाद झाले. अशा वर्षी लोहमनने 10.90 च्या सरासरीने 209 बळी घेतले यात खेळपट्टीचा वाटा नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही.

परंतु हिशेबाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. लोहमनचा मुख्य चेंडू ऑफब्रेक, म्हणजे ऑफ बाजूकडून आत वळणारा, होता. 1935 पर्यंत पायचीतचा नियम असा होता की चेंडूचा टप्पा यष्ट्यांच्या सरळ रेषेतच पडलेला असला पाहिजे. ऑफ यष्टीच्या बाहेर टप्पा पडून आत वळणारा चेंडू पॅडवर आदळला, तो मधल्या यष्टीवर जाणारा असला तरी फलंदाज नाबाद. नॉटिंगहॅमशायरचा आर्थर श्रूसबरी याने पॅडने चेंडू अडवण्याचे तंत्र इतके वाढवले की त्यावरून इंग्लंडमध्ये मोठा वाद पेटला होता. आजच्या ऑफस्पिनरला जे बळी हक्काने मिळतात, ते लोहमनला नियमानेच नाकारलेले होते. त्यातच ठरावीक धावांची पिछाडी असेल तर फॉलोऑन, म्हणजे मागे पडलेल्या संघाने लगेच पुन्हा फलंदाजी करणे, सक्तीचा होता. थकलेल्या गोलंदाजाला विश्रांती द्यावी म्हणून आपण पुन्हा फलंदाजी करू, हा पर्याय कर्णधाराला उपलब्धच नव्हता. 1886 च्या ओव्हल कसोटीत डब्ल्यू. जी. ग्रेसच्या 170 धावांच्या जोरावर इंग्लंडने 434 धावा केल्या, नंतर पावसाने खेळपट्टी बिघडली आणि ऑस्ट्रेलियाचे डाव लागोपाठ 68 आणि 149 वर संपले. लोहमनचे पृथक्करण होते 36 धावांत 7 आणि 68 धावांत 5. त्याच उन्हाळ्यात मुंबईच्या पारशी खेळाडूंचा पहिला संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. आपल्याकडचे क्रिकेटपटू इंग्लंडमधला खेळ प्रथमच जवळून पाहत होते, तो हाच काळ.

नुसत्या खेळपट्टीवर विसंबणारा गोलंदाज आणि लोहमन यांतला फरक त्याच्या चेंडूफेकीत होता. तो उजव्या हाताने मध्यमगती टाके, चेंडू उंचावरून सोडे, आणि हाताची क्रिया तीळभरही न बदलता वेग बदले. ज्या चेंडूला फलंदाज पुढे येऊन खेळायला निघे, तो अपेक्षेपेक्षा आखूड पडे. हवेत थोडा थांबल्यासारखा वाटणारा हा चेंडू त्याचे सर्वांत धोकादायक अस्त्र होते. ऑफब्रेकच्या जोडीला हाताबरोबर सरळ जाणारा चेंडू असे आणि तोच यष्टिरक्षकाकडे आणि स्लिपकडे झेल देई. वळण थोडे पण उशिरा, आणि वेगातील बदल न कळणारे, या जोडीमुळे कोरड्या, चांगल्या खेळपट्टीवरही तो निष्प्रभ होत नसे. ओव्हल हे त्याचे घरचे मैदान होते आणि कोरड्या हवेत तिथली खेळपट्टी फलंदाजीसाठी उत्तम मानली जाई, हे लक्षात ठेवले म्हणजे 13.73 या प्रथम श्रेणी सरासरीचे मोल कळते. तरुण गोलंदाजांना मी आजही सांगतो की, वेग बदलताना खांदा आणि मनगट काही सांगता कामा नये. लोहमनचे समकालीन त्याच्याविषयी एकमुखाने जे नोंदवतात, ते नेमके हेच.

त्याचा काउंटीतला प्रवासही पाहण्यासारखा आहे. 2 जून 1865 रोजी लंडनच्या केन्सिंग्टन भागात जन्मलेला हा मुलगा मध्यमवर्गीय घरातला होता. खाणीतून किंवा गिरणीतून क्रिकेटकडे आलेल्या व्यावसायिकांसारखी त्याची पार्श्वभूमी नव्हती. वँड्सवर्थच्या परिसरात खेळत तो पुढे आला, 1884 मध्ये सरेकडून पहिल्यांदा खेळला आणि पुढच्याच हंगामात त्याने 142 बळी घेतले. जॉन शूटरच्या नेतृत्वाखाली सरेचा तो काळ फार मोठा ठरला. बॉबी एबल आणि वॉल्टर रीड धावा करीत, लोहमन एका टोकाने गोलंदाजी करीत राही. काउंटी स्पर्धा 1890 मध्ये अधिकृतपणे सुरू झाली तेव्हा पहिली तीन विजेतेपदे, 1890, 1891 आणि 1892 ची, सरेनेच जिंकली. 1893 मध्ये लोहमन नव्हता आणि विजेतेपद यॉर्कशायरकडे गेले.

या वर्षांत त्याच्यावर पडलेला भार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 1888, 1889 आणि 1890 या लागोपाठ तीन हंगामांत त्याने अनुक्रमे 209, 202 आणि 220 बळी घेतले. एका हंगामात दोनशे बळी घेणे हीच दुर्मीळ गोष्ट. त्याने ती ओळीने तीन वर्षे केली. काउंटी सामने तीन दिवसांचे, आठवड्यात दोन, मध्ये रेल्वेचा प्रवास, आणि हंगाम संपला की 1886-87, 1887-88 आणि 1891-92 या तीन हिवाळ्यांत ऑस्ट्रेलियाचे लांबलचक जहाजप्रवासाचे दौरे. पहिल्या दौऱ्यात सिडनीच्या पहिल्या कसोटीत इंग्लंड अवघ्या 45 धावांत बाद होऊनही 13 धावांनी जिंकले; पुढच्या सिडनी कसोटीत लोहमनने 35 धावांत 8 बळी घेतले आणि कसोटीच्या एका डावात आठ बळी घेणारा तो पहिला गोलंदाज ठरला. दुसऱ्या दौऱ्यात सिडनीलाच ऑस्ट्रेलियाचा डाव 42 वर आटोपला, तेव्हा पील आणि लोहमन यांनी पाच-पाच बळी वाटून घेतले. लॉर्ड शेफील्डच्या खर्चाने आणि ग्रेसच्या नेतृत्वाखाली गेलेल्या तिसऱ्या दौऱ्यात त्याच मैदानावर त्याने 58 धावांत 8 बळी घेतले, मात्र तो सामना इंग्लंडने गमावला. त्याखेरीज तो उत्कृष्ट स्लिप क्षेत्ररक्षक होता, प्रथम श्रेणीत त्याचे 337 झेल आहेत, आणि तीन शतकांसह त्याने 7,247 धावाही केल्या. गोलंदाजी, स्लिपमधली सततची एकाग्रता आणि फलंदाजी, यांतून त्याला मैदानावर विसावा असा नव्हताच.

1892 चा हंगाम संपता संपता त्याला क्षयरोग झाल्याचे स्पष्ट झाले. अतिश्रमामुळेच तो झाला असे म्हणणे वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होणार नाही, कारण त्या काळच्या लंडनमध्ये क्षयाची लागण घरोघरी होती. पण सात-आठ वर्षे असे राबलेल्या शरीराने त्याला तोंड देण्याची ताकद गमावली असावी, असे मला वाटते. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. कोरडी, उबदार हवा एवढाच उपाय सांगितला जाई. सरेने त्याला दक्षिण आफ्रिकेला पाठवण्याची व्यवस्था केली. 1893 आणि 1894 चे इंग्लंडमधले हंगाम त्यात गेले. 1895 मध्ये तो परतला, पण सगळा भार एकट्याने उचलण्याचे दिवस सरले होते. सरेची मुख्य धुरा आता टॉम रिचर्डसनकडे होती. पोर्ट एलिझाबेथ आणि जोहान्सबर्गचे ते विक्रम या आजारपणानंतरचे आहेत. मॅटिंग आणि दुबळा संघ या दोन्हींचे वजन वजा केल्यावरही, क्षयाने ग्रासलेल्या माणसाने तीन कसोटींत 35 बळी घ्यावेत, ही गोष्ट लहान होत नाही.

आता 1896 चा उन्हाळा, म्हणजे प्रश्नाचा दुसरा भाग. जूनमध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाचा डाव 53 धावांत संपला. रिचर्डसनने 6 आणि लोहमनने 13 धावांत 3 बळी घेतले. ही त्याची अखेरची कसोटी ठरली. ऑगस्टमधील ओव्हल कसोटीच्या काही दिवस आधी पाच व्यावसायिक खेळाडूंनी, म्हणजे लोहमन, एबल, रिचर्डसन, टॉम हेवर्ड आणि नॉटिंगहॅमशायरचा विल्यम गन यांनी, दहा पौंडांऐवजी वीस पौंड मानधनाची मागणी केली. मागणी मान्य न झाल्यास खेळणार नाही, असेही कळवले.

ही मागणी लोभातून आली, असे तेव्हाच्या अनेकांनी म्हटले. मला ते पटत नाही. त्या काळी 'हौशी' म्हणवणारे खेळाडू पैसे घेत नाहीत अशी समजूत होती, पण खर्चाच्या नावाखाली त्यांना मिळणाऱ्या रकमा व्यावसायिकांच्या मानधनापेक्षा कितीतरी मोठ्या असू शकत. ज्या 1891-92 च्या दौऱ्यात लोहमन खेळला, त्याच दौऱ्यासाठी हौशी म्हणून गेलेल्या ग्रेसला 3,000 पौंड मिळाले होते, ही गोष्ट सर्वत्र नोंदलेली आहे. व्यावसायिकाला मैदानात वेगळ्या दरवाजाने यावे लागे, त्याची पोशाखाची खोली वेगळी असे, आणि हंगाम संपल्यावर किंवा शरीर थकल्यावर त्याच्या पोटापाण्याची हमी कोणीही घेत नसे. ओव्हल प्रेक्षकांनी भरत होते, ते या माणसांच्या खेळामुळे. त्यांनी दहा पौंड अधिक मागितले, यात मला अन्याय्य काहीच दिसत नाही.

सरेच्या समितीने मागणी फेटाळली. एबल, हेवर्ड आणि रिचर्डसन यांनी माघार घेतली आणि ते खेळले. गन आणि लोहमन मागे हटले नाहीत. गनचा बॅट बनवण्याचा स्वतःचा चांगला चाललेला व्यवसाय होता, त्यामुळे ताठ राहणे त्याला परवडणारे होते आणि 1899 मध्ये तो इंग्लंडकडून पुन्हा खेळलाही. लोहमनजवळ असा कोणताच आधार नव्हता. पुढे त्याने समितीकडे दिलगिरीही व्यक्त केली, पण इंग्लंडचा संघ त्याला कायमचा बंद झाला आणि मोबदल्यावरून सरेशीही बिनसले. इंग्लंडने ती ओव्हल कसोटी ऑस्ट्रेलियाला दुसऱ्या डावात 44 वर बाद करून जिंकली, त्यामुळे संघाची काही हानी झाली नाही आणि मागणीचा विषय लवकरच मागे पडला. कसोटीचे मानधन काही वर्षांत वाढून वीस पौंड झाले, हेही इथे नोंदवले पाहिजे.

त्यानंतरचा काळ थोडक्यात सांगण्याजोगा आहे. लोहमन दक्षिण आफ्रिकेत जाऊन राहिला, वेस्टर्न प्रॉव्हिन्सकडून खेळला, तिथल्या खेळाडूंना शिकवले. रेल्वेच्या उपाहारगृहांच्या व्यवसायातून श्रीमंत झालेला जेम्स लोगन याने कारू प्रदेशात मात्येसफोंतेन हे गाव वसवले होते. क्षयरोग्यांना तिथली कोरडी हवा मानवत असे. लोगनच्या पुढाकाराने 1901 मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या संघाचा लोहमन व्यवस्थापक होता. दौऱ्याहून परतल्यावर 1 डिसेंबर 1901 रोजी तो वारला. त्याचे वय 36 होते. मात्येसफोंतेनजवळच त्याचे दफन झाले.

राहिला सर्वश्रेष्ठ कोण, हा मूळ प्रश्न. शंभराहून अधिक बळी घेणाऱ्यांच्या यादीत लोहमननंतर सिडनी बार्न्स येतो, 189 बळी आणि 16.43 ची सरासरी. त्याच्याही आकड्याची अशीच फोड होते: ऑस्ट्रेलियाविरुद्ध 106 बळी 21.58 ने, आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 83 बळी 9.86 ने. 21.58 आणि 13.01 हे आकडे शेजारी ठेवून लोहमनला सरळ वरचे स्थान देता येत नाही, कारण बार्न्सच्या वेळेपर्यंत ऑस्ट्रेलियातील खेळपट्ट्या फलंदाजांच्या बाजूने खूप झुकल्या होत्या आणि 1911-12 च्या दौऱ्यात त्याने तशाच खेळपट्ट्यांवर 34 बळी घेतले. चेंडू दोन्ही बाजूंना वेगाने वळवण्याचे बार्न्सचे सामर्थ्य लोहमनपाशी नव्हते, म्हणून सर्व काळांचा विचार करता मी बार्न्सला एक पायरी वर ठेवतो. एकोणिसाव्या शतकापुरते विचाराल तर स्पॉफर्थचा दरारा, टर्नरचे वळण आणि रिचर्डसनचा वेग हे सारे लक्षात घेऊनही माझी पहिली पसंती लोहमनच आहे, आणि तिच्यामागचा पुरावा म्हणून मी 10.75 हा आकडा कधीच देत नाही, ऑस्ट्रेलियाविरुद्धचे 13.01 आणि लागोपाठ तीन उन्हाळ्यांत केलेले ते 631 बळींचे काम, एवढेच देतो.